'थर्माए रोमाए'मधली खरी न्हाणीघरं: रोमचे हमाम, तोक्योचे सेंतो

वैलावरचं_पाणी

'थर्माए रोमाए' ही जपानी ॲनिमेशन मालिका पाहून झाली की एक प्रश्न हमखास येतो. तिच्यातला रोमन हमाम बांधणारा वास्तुकार लुसियस बुडी मारतो तो हमाम रोममध्ये कुठे आहे, आणि तो डोकं वर काढतो ते न्हाणीघर जपानमध्ये कुठे? दोन्हीकडे एकच एक जागा दाखवता येत नाही. मारी यामाझाकी यांनी २००८ मध्ये ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, सुरू केली. तिच्यावरून २०१२ मध्ये फुजी टीव्हीवर छोटी मालिका आली आणि २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर ११ भागांची. या दुसऱ्या मालिकेत प्रत्येक भागाच्या शेवटी यामाझाकी स्वतः जपानमधल्या खऱ्या स्नानस्थळी जाताना दिसतात. तो तुकडा 'पुढे' म्हणून ढकलू नका, अर्धं उत्तर तिथेच आहे.

मालिकेतल्या वस्तू मात्र एकेक करून शोधता येतात: तापलेली फरशी, भिंतीवर रंगवलेला फुजी पर्वत, पिवळी बादली, बर्फातलं उघडं कुंड, झऱ्यात शिजवलेलं अंडं. मला हा धागा त्यासाठीच हवा आहे. कुठली वस्तू खरी, ती चालते कशी, बिघडते कुठे. सुरुवात रोमपासून करू.

आधी एक दुरुस्ती. रोमला जाणारे लोक काराकाल्लाच्या हमामात उभे राहून 'हाच तो लुसियसचा' म्हणत फोटो काढतात. लुसियस सम्राट हेड्रियनच्या काळातला, म्हणजे इ.स. ११७ ते १३८. काराकाल्लाचा हमाम उघडला २१६ मध्ये. लुसियसच्या डोळ्यांसमोर असणार ते अग्रिप्पा, नीरो, टायटस यांचे हमाम, आणि सगळ्यात मोठा म्हणजे १०९ मध्ये पूर्ण झालेला ट्रेजनचा. तो वास्तुकार अपोलोडोरसने बांधला. यांचे आज तुकडेच उरलेत, म्हणून चित्रासाठी काराकाल्ला सोयीचा. त्याचे अवशेष खरोखर अंगावर येतात: एका वेळी सुमारे १,६०० माणसं, आणि गरम दालनावर ३५ मीटरच्या आसपास व्यासाचा घुमट.

खापरकौल

लुसियसच्या काळाच्या जवळचं आणि आत शिरून बघता येईल असं काही हवं असेल तर पाँपेई. ते ७९ साली राखेखाली गेलं, म्हणजे हेड्रियनच्या चाळीसेक वर्षं आधी. स्ताबियन हमाम आणि फोरमजवळचा, म्हणजे शहराच्या मुख्य चौकाजवळचा हमाम, दोन्ही बघा.

आता तापलेली फरशी. फरशीखाली पोकळी ठेवून तिच्यातून जाळ आणि धूर खेळवायचा, या रचनेला हायपोकॉस्ट म्हणतात. रोमन वास्तुकार विट्रुव्हियसने आपल्या वास्तुकलेवरच्या ग्रंथाच्या पाचव्या पुस्तकात कृती दिली आहे, ती अशी.

खालचा तळ भट्टीच्या तोंडाकडे उतरता करायचा. उतार बरोबर झाला की नाही हे बघायला तळावर चेंडू टाकायचा. तो आत थांबता कामा नये, घरंगळत भट्टीच्या तोंडाशी परत आला पाहिजे. उतारामुळे ज्वाळा आपसूक वर आणि आत पसरतात. त्यावर दोन रोमन फूट उंचीचे विटांचे खांब. वीट पाऊण फुटाहून कमी, साधारण २० सेंटिमीटर चौरस. खांब अशा अंतरावर की दोन फुटी कौल, म्हणजे जवळजवळ ५९ सेंटिमीटर चौरस लादी, चार कोपऱ्यांत चार खांबांवर टेकेल. विटांच्या सांध्यात चुना नाही, केस कालवलेली चिकणमाती. चुन्याचा सांधा थेट जाळात टिकत नाही, माती भाजून उलट घट्ट होते.

लाद्यांवर चुना आणि कुटलेल्या खापरांचा जाड थर. आपल्याकडे ज्याला सुरखी म्हणतात तेच. त्यावर संगमरवर.

धूर भिंतीतून वर जातो. भिंतीला आतून पोकळ चौकोनी नळ्या उभ्या लावलेल्या असतात, म्हणजे फरशीबरोबर भिंतही तापते. छताजवळ धूर बाहेर.

चकलीचा_सोऱ्या

शंका. एवढ्या जाड थरातून उष्णता वर यायला किती वेळ? सकाळी पेटवलं तर दुपारी तयार?

खापरकौल

नाही. जाडी लादीपासून संगमरवरापर्यंत फूट-दीड फूट भरते. थंड पडलेला हमाम तापायला दिवस लागतात, तास नाही. म्हणून तो विझवत नसत. रात्री जाळ मंद ठेवायचा, सकाळी वाढवायचा. घाई करून एकदम मोठा जाळ लावला तर लादीची खालची बाजू फुगते, वरची थंडच असते, आणि फरशीला तडा जातो. तडा गेला की धूर दालनात. नळ्यांमध्ये काजळी साचली तरी तेच: ओढ कमी होते आणि धूर मिळेल त्या फटीतून येतो.

भट्टीच्या तोंडाजवळची फरशी सगळ्यात तापते. अनवाणी पाय ठेवता येत नसे, लाकडी तळाच्या चपला लागत. रोमन हमामांच्या दारातल्या मोझाइकमध्ये चपलांचं चित्र सापडतं ते उगाच नाही.

वैलावरचं_पाणी

माझ्या आयडीला न्याय देणारा मुद्दा आला. दालनांचा क्रम बघा. भट्टीला लागून गरम दालन, त्यापलीकडे कोमट, त्यापलीकडे थंड. कोमट दालनाला बऱ्याचदा वेगळी भट्टी नसते, गरम दालनाखालून उरलेला धूर तिथे जातो. चूल आणि वैल! जाळ चुलीत, वैलावर उरलेल्या धगीवर दुसरं भांडं.

पाण्याचंही तसंच. विट्रुव्हियस भट्टीवर तीन पितळी भांडी सांगतो: गरम, कोमट, गार. गरम भांड्यातून जेवढं पाणी काढलं तेवढं कोमट भांड्यातून त्यात उतरतं, आणि कोमट भांड्यात गारमधून. बंबात वरून गार पाण्याचा तांब्या ओतला की तोटीचं पाणी काही वेळ कोमट येतं, तो त्रास इथे टाळला आहे. गरम भांड्यात गार पाणी थेट कधीच पडत नाही.

जलसेतू

भांडी 'पितळी' नाहीत, काशाची किंवा तांब्याची म्हणा. मूळ शब्द ढोबळ आहे, पण जस्ताचं पितळ डोळ्यांसमोर आणू नका.

बाकी +१. त्यात एक भर: हौदात भरलेलं पाणी गार होतं, त्यावर उपाय म्हणजे 'टेस्टुडो', शब्दशः कासव. अर्धगोल धातूचं पिंप, आडवं, त्याचा सपाट तळ थेट भट्टीच्या वाटेवर आणि उघडं तोंड हौदात. पिंपाचा तळ हौदाच्या तळापेक्षा किंचित खाली असतो. त्यामुळे गार झालेलं जड पाणी आपोआप पिंपात उतरतं, तापतं, वर चढून हौदात परततं. पंप नाही, माणूस नाही.

फोरमच्या हमामात दोन गोष्टी चुकवू नका. गरम दालनाच्या कमानी छताला चुन्याच्या गिलाव्यात पन्हाळीसारख्या खाचा आहेत. वाफेचं पाणी थेंबाथेंबाने आंघोळ करणाऱ्याच्या टाळक्यावर पडू नये, खाचांतून भिंतीकडे ओघळावं म्हणून. दुसरं म्हणजे त्याच दालनातलं संगमरवरी थाळ्यासारखं पात्र. काठावर धातूच्या अक्षरांत किंमत कोरली आहे: ५,२५० सेस्टर्स (रोमन नाणी). पालिकेच्या कामाची पाटी दोन हजार वर्षांपूर्वीही होतीच. आणि कोमट दालनात फरशीखाली काही नाही, काशाची मोठी शेगडी ठेवली आहे. म्हणजे 'रोमन हमाम म्हटला की सगळीकडे हायपोकॉस्ट' हे खरं नाही.

नोरेन

पलीकडच्या टोकाकडे वळू. लुसियस पहिल्यांदा वर येतो ते सेंतो, म्हणजे वस्तीतलं सार्वजनिक न्हाणीघर. सेंतो आणि ओनसेन यांची गल्लत होते. सेंतोत नळाचं किंवा विहिरीचं पाणी तापवतात (काही ठिकाणी झऱ्याचंही असतं, तोक्योत सुद्धा). ओनसेन हा शब्द १९४८ च्या कायद्याने बांधलेला आहे: उगमापाशी पाणी २५ अंश किंवा जास्त असलं पाहिजे, नाहीतर ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी किमान एक पुरेशा प्रमाणात पाहिजे. म्हणजे गार पाणीसुद्धा कायद्याने 'गरम पाण्याचा झरा' ठरू शकतं. ते मग तापवून देतात.

भिंतीवरचा फुजी १९१२ चा. तोक्योच्या कान्दा भागातल्या किकाई-यू या सेंतोत तो पहिल्यांदा रंगवला गेला. चित्रकार कावागोए शिझुओकाचा, म्हणजे फुजीच्याच मुलखातला. ते सेंतो आता नाही. पण चाल अशी पडली की तोक्योत फुजीशिवाय सेंतो अपुरं वाटतं.

रंगवायची पद्धत ऐकण्यासारखी आहे. सेंतो सुट्टीच्या दिवशीच रिकामं मिळतं, म्हणून पुरुष आणि स्त्रिया दोन्हीकडच्या भिंती त्या एका दिवसात उरकायच्या. जुनं चित्र खरवडून काढत नाहीत. पोपडे आलेत तेवढे काढून त्याच्यावरच नवं. रंग साधा तेलरंग, घराच्या दाराखिडक्यांना लावतात तसा. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा हे चार, बाकी सगळ्या छटा यांतून. हौदावर फळ्या टाकून परात, आणि काम आकाशापासून खाली, म्हणजे ओघळ अजून न रंगवलेल्या भागावर पडतात. आकाश रोलरने, झाडं आणि लाटा ब्रशने. वाफेमुळे काही वर्षांत रंग सुटतो आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

चित्रात काय नको तेही ठरलेलं. मावळता सूर्य नको, धंदा बुडतो. लालबुंद मेपलची पानं नकोत, ती गळतात. माकड नको, कारण जपानीत माकड म्हणजे 'सारू' आणि 'सारू' म्हणजे निघून जाणं. गिऱ्हाईक निघून जाईल.

नोरेन

वरच्यात एक चूक सुधारतो: 'परात' नव्हे, 'परांची'. टंकताना गेलं.

चकलीचा_सोऱ्या

परात वाचून मी चित्रकार कणकेत रंग मळताना पाहिला होता. :)

ओसाकाच्या सेंतोतही फुजी असतो का?

नोरेन

फारसा नाही, आणि कारण हौदाच्या जागेत आहे. तोक्योकडे मोठा हौद मागच्या भिंतीला टेकून असतो. धुण्याच्या जागी बसलं की समोर तीच भिंत, म्हणून चित्र. ओसाका-क्योतोकडे हौद बऱ्याचदा खोलीच्या मध्यावर, त्याच्या कडेला बसायला पायरी. मग मागच्या भिंतीचं महत्त्व उरत नाही. तिथे कारागिरी टाइलमध्ये दिसते.

पिवळ्या बादलीचं मापही यावरूनच ठरलं. बादली म्हणतो खरा, पण ती कडी नसलेलं छोटं घंगाळंच आहे. तळाला तांबड्या अक्षरांत 'केरोरिन', हे डोकेदुखीवरच्या औषधाचं नाव. कंपनी तोयामाची, जाहिरात १९६३ पासून. आधी पांढरी काढली, मळ उठून दिसायला लागला, म्हणून पिवळी. तोक्योकडची २२.५ सेंटिमीटर व्यासाची, ३६० ग्रॅम. ओसाकाकडची २१ सेंटिमीटर, २६० ग्रॅम. तिकडे मध्यावरच्या हौदातूनच पाणी उपसून अंगावर घ्यायची रीत. मोठी बादली भरली की हात भरून येतो आणि हौदही लवकर उपसला जातो. विकत घेताना हे माप विचारा, चित्रांत दोन्ही सारख्याच दिसतात.

पंचा_टॉवेल

मालिका बघून पहिल्यांदा सेंतोत जाणाऱ्यांसाठी क्रम लिहितो. चुका याच क्रमात होतात.

चपला दारातल्या लाकडी खणात. खणाची चावी म्हणजे लाकडाची चपटी पट्टी. ती ओढून काढली की कुलूप लागतं. निळा किंवा तांबडा पडदा बघून आपल्या बाजूला, पण रंगावर विसंबू नका, 男 पुरुष आणि 女 स्त्रिया ही दोन अक्षरं ओळखून ठेवा. पैसे गल्ल्यावर. तोक्योत मोठ्यांचा दर ऑगस्ट २०२४ पासून ५५० येन. हा दर सेंतो स्वतः ठरवत नाही, प्रांत कमाल मर्यादा घालून देतो. साबण-टॉवेल बरोबर न्या किंवा तिथे विकत मिळतो. सात किंवा त्याहून जास्त वर्षांच्या मुलाला आईबरोबर स्त्रियांच्या बाजूला नेता येत नाही.

कपडे सगळे काढायचे. पोहण्याचा पोशाख चालत नाही. आत छोटा टॉवेल तेवढा.

बसून धुवायचं, उभ्याने नाही. शिंतोडे शेजाऱ्यावर उडतात. जुन्या सेंतोत दोन दाबनळ असतात, तांबड्या खुणेचा गरम, निळ्या खुणेचा गार. दोन्ही बादलीत घेऊन विसण तिथेच करायचं. गरम नळाखाली आधी हात धरू नका, पाणी चटका देण्याइतकं असू शकतं. आधी गार, मग गरम. साबण पूर्ण निघाला, केस वर बांधले, की मग हौदात. टॉवेल हौदात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवा.

हौद ४२ ते ४४ अंश, म्हणजे पहिल्यांदा उतरणाऱ्याला फार. पायांपासून पाणी ओतून घ्या, मग हळू उतरा आणि हलू नका. अंगालगतचा पाण्याचा पातळ थर जरा निवतो, हललं की तो मोडतो आणि नवं गरम पाणी लागतं. पहिल्या खेपेला तीन ते पाच मिनिटं पुरे. हौदात गार पाण्याचा नळ असतो, पण न विचारता सोडू नका. रोज येणाऱ्या आजोबांना त्यांचं पाणी कढत लागतं आणि विसण घालणारा पाहुणा त्यांना मुळीच आवडत नाही. उठताना झटकन उठलात तर चक्कर येते. कपड्यांच्या खोलीत जाण्याआधी अंग पुसून घ्या, तिथली जमीन ओली करणं हा मोठा गुन्हा.

गोंदण असेल तर सेंतोत बहुधा अडवत नाहीत, ओनसेनच्या हॉटेलांत अडवू शकतात. आधी विचारा.

बाहेर आल्यावर बाटलीतलं फळांचं दूध. आता बाटलीवर 'दूध' शब्द दिसणार नाही: निव्वळ कच्च्या दुधापासून बनलेल्यालाच तो शब्द वापरता येतो, असा नियम झाला, म्हणून ते नुसतं 'फ्रूट' झालं.

जलसेतू

तोक्योत मालिकेच्या जवळचं सेंतो बघायचं तर दोन जागा. किता भागातलं ताकिनोगावाचं इनारी-यू, १९३० ची इमारत, चालू आहे. पण ते मालिकेचं नव्हे, २०१२ च्या, खऱ्या नटांना घेऊन केलेल्या चित्रपटाचं चित्रीकरणस्थळ. अनेक याद्यांत हे दोन एक केलेत. दुसरी जागा कोगानेईच्या खुल्या वास्तुसंग्रहालयातलं कोदाकारा-यू, १९२९ चं, मूळ आदाची भागातून उचलून आणलेलं. देवळासारखी कमानदार छपराची पुढची बाजू, आत फुजी. तिथे पाणी नाही, पण म्हणूनच कपडे घालून, कॅमेरा घेऊन निवांत बघता येतं. चालू सेंतोत कॅमेरा काढायचा नाही हे सांगायला नको.

चकलीचा_सोऱ्या

अंडं राहिलं! लुसियसला आवडलेलं ते झऱ्यातलं अंडं: आतला बलक घट्ट, बाहेरचा पांढरा पातळ. उलटं कसं होतं?

खापरकौल

बलक ६५ ते ७० अंशांत धरतो. पांढऱ्यातलं मुख्य प्रथिन मात्र ८० च्या आसपास घट्ट होतं. म्हणून अंडं ६८ अंशांवर अर्धा तास ठेवलं की बलक मऊसर धरतो आणि पांढरा दह्यासारखा थरथरता राहतो. घरी: जाड बुडाच्या पातेल्यात एक लिटर पाणी उकळा, गॅस बंद, त्यात २०० मिली गार पाणी, मग फ्रिजबाहेर ठेवलेली तीन-चार अंडी, झाकण, वीस मिनिटं. फ्रिजमधली थेट टाकली तर पाणी एकदम उतरतं आणि बलकही कच्चा राहतो. वाटीत फोडून वर सोयासॉसचा थेंब. नुसत्या मिठानेही चालतं, पण ते आपलं.

झऱ्यावर करताना पाणी ७० च्या खाली आहे ना हे थर्मामीटरने बघा. ९० अंशांच्या झऱ्यात साधं उकडलेलं अंडंच मिळेल. गंधकाच्या झऱ्यावर चांदीची अंगठी, पैंजण काढून ठेवा, काळे पडतात.

वैलावरचं_पाणी

हेड्रियनविषयी एक, मालिकेत तो वारंवार येतो म्हणून. चरित्रात गोष्ट आहे: तो लोकांबरोबर सार्वजनिक हमामात जाई. तिथे एक म्हातारा सैनिक भिंतीला पाठ घासताना दिसला. का? तर घासायला गुलाम नाही. हेड्रियनने त्याला गुलाम दिले आणि त्यांच्या खर्चाची सोयही केली. पुढच्या वेळी भिंतीला पाठ घासणाऱ्या म्हाताऱ्यांची रांगच लागली. त्याने सगळ्यांना बोलावून एकमेकांच्या पाठी घासायला सांगितलं.

त्याच काळातला हमाम चालवायचा ठेका मात्र खराखुरा हाती आहे. दक्षिण पोर्तुगालमधल्या विपास्का या खाणगावच्या काशाच्या पत्र्यावर कोरलेला. (मांगा सुरू झाली तेव्हा यामाझाकी पोर्तुगालमध्येच राहत होत्या, हा योगायोग.) अटी: स्त्रियांसाठी पहाटेपासून सातव्या तासापर्यंत, दर एक आस (तांब्याचं रोमन नाणं). पुरुषांसाठी आठव्या तासापासून रात्रीच्या दुसऱ्या तासापर्यंत, दर अर्धा आस. म्हणजे स्त्रियांना दुप्पट. जळणाचं लाकूड ठेकेदाराने बाहेर विकायचं नाही, जळणाला न चालणाऱ्या फांद्यांचे तुकडे सोडून. आणि भांडी दर तीसाव्या दिवशी धुऊन, पुसून, ताज्या चरबीने माखायची.

पंचा_टॉवेल

चरबी कशाला?

जलसेतू

कल्हईच्या ऐवजी समजा. काशाला सतत पाणी आणि धूर लागला की हिरवा थर धरतो. चरबीचा हात फिरवला की पाणी धातूला चिकटून राहत नाही. 'ताज्या' हा शब्द ठेक्यात मुद्दाम असणार. शिळी चरबी आंबते, तिच्यातलं आम्लच धातू खातं, आणि भट्टी पेटल्यावर तिचा वास थेट गरम दालनात.